निरोप आणि कान

आमवाताच्या रुग्णाचा गुडघा किंवा मनगट शस्त्रक्रियेसाठी उघडलं, की आतून लालसर, लिबलिबीत असं बरंच काही खरवडून काढावं लागतं. ते सांध्याचं अस्तर. निरोगी माणसात ते एका-दोन पेशींच्या थराइतकं पातळ असतं. सांध्याला वंगण पुरवावं आणि गप्प राहावं, एवढंच त्याचं काम. आमवातात ते फुगतं, दगडावर शेवाळ चढावं तसं कूर्चेवर चढतं आणि हाडाच्या कडा कुरतडू लागतं. सर्जनच्या लेखी तो कचरा. पण १९८०च्या दशकात पश्चिम लंडनमधल्या चेरिंग क्रॉस हॉस्पिटलच्या आवारात या कचऱ्याची वाट पाहत बसलेली माणसं होती. अस्तराचे तुकडे प्रयोगशाळेत आले, की त्यांतल्या पेशी सुट्या करायच्या, पोषक द्रवाच्या ताटलीत सोडायच्या आणि मग त्या काय करतात ते पाहायचं.

एरवी रोगप्रतिकारक पेशी ताटलीत शांत बसतात. त्यांना डिवचावं लागतं, जंतूंचं थोडं विष घालावं लागतं, तेव्हा कुठे त्या कामाला लागतात. या पेशींना कोणी काही केलं नव्हतं. तरीही पाच-सहा दिवस त्या आपण होऊन बडबडत राहिल्या.

पेशींची बडबड म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. पेशी एकमेकींना प्रथिनांच्या रूपात निरोप पाठवतात. 'इकडे या', 'वाढा', 'सूज आणा', 'हे तोडा' असे ते निरोप. शास्त्रज्ञ त्यांना सायटोकाइन म्हणतात. निरोप ऐकायला पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतात. रिसेप्टरचा एक भाग पेशीबाहेर डोकावतो, एक भाग पेशीच्या पातळ आवरणातून आरपार जातो आणि शेपूट आत राहतं. बाहेर निरोप येऊन चिकटला, की आतलं शेपूट हलतं आणि पेशीच्या केंद्रापर्यंत हाकाटी पोचते. आपल्या भाषेत याला सरळ 'कान' म्हणावं. निरोप कितीही मोठ्यानं ओरडला, तरी कान नसलेल्या पेशीला त्याचा पत्ता लागत नाही.

चेरिंग क्रॉसच्या ताटलीत असे निरोप डझनावारी सापडत होते. त्यामुळे आनंद होण्याऐवजी बऱ्याच लोकांची निराशाच होत होती. त्याचं कारण पुढे येईल.

आमवात आणि म्हातारपणी होणारी सांध्यांची झीज यांची आपल्याकडे सर्रास गल्लत होते. घरात कोणाचेही गुडघे दुखले तरी 'वात आहे' म्हणून विषय मिटतो. पण आमवात ही झीज नव्हे, ते अंगातलं बंड आहे. तो बहुधा तिशी ते पन्नाशीत गाठतो, पुरुषांपेक्षा बायकांना दुपटी-तिपटीनं होतो आणि बोटांच्या, मनगटांच्या लहान सांध्यांपासून दोन्ही बाजूंनी सारखाच चढतो. सकाळी उठल्यावर तासभर मूठ मिटत नाही. कणीक मळणं, मुलीची वेणी घालणं, ब्लाउजची हुकं लावणं ही कामं डोंगराएवढी होतात. माधवनिदानात आमवाताला स्वतंत्र प्रकरण आहे. आजच्या डॉक्टरांचा आजार आणि ते वर्णन तंतोतंत एकच आहेत असा दावा मी करणार नाही, पण आमानं सांधे जखडलेला माणूस वैद्यांनी पाहिला होता यात शंका नाही.

विसाव्या शतकातल्या डॉक्टरांकडे या बंडावर काय होतं? ॲस्पिरिन होतं. सोनं होतं, तेही खरंखुरं, इंजेक्शनातून. सोन्याची गोष्ट मजेदार आहे आणि तिचा धागा पुढे परत लागणार आहे. रॉबर्ट कॉख यांना १८९० साली सोन्याच्या एका क्षारानं ताटलीतले क्षयाचे जंतू वाढेनासे होताना दिसले. आमवात हाही क्षयाचाच भाऊबंद असावा, अशा समजुतीनं फ्रान्सच्या जाक फोरेस्तिए यांनी तो उपाय सांध्यांवर वापरला आणि १९२९ साली गुण येत असल्याचं जाहीर केलं. समजूत चुकीची होती, गुण मात्र खरा होता. पुढची पन्नास वर्षं रुग्ण सोन्याची इंजेक्शनं घेत राहिले.

मग १९४८ आलं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी अंथरुणाला खिळलेल्या एका २९ वर्षांच्या बाईला कॉर्टिझोन टोचलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. दोनच वर्षांत, १९५० साली, हेंच, केंडल आणि राइशस्टाइन यांना नोबेल मिळालं. इतक्या घाईनं दिलेलं पारितोषिक आणि इतक्या लवकर ओसरलेला हर्ष वैद्यकाच्या इतिहासात विरळाच. चेहरे चंद्रासारखे सुजले, हाडं ठिसूळ झाली, आणि औषध थांबवलं की आजार दुप्पट जोरानं परतला. त्यानंतरचा खरा आधार मेथोट्रेक्सेटचा. त्याच्या मुळाशी लेडरले कंपनीत काम करणारे आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव आणि त्यांचे सहकारी आहेत. रक्ताच्या कर्करोगासाठी घडलेलं हे औषध आठवड्यातून एकदा, अगदी थोड्या मात्रेत, आमवातावर चालतं हे १९८०च्या दशकात पक्कं झालं. पण ज्यांना त्यानंही उतार पडत नसे, त्यांचे सांधे वाकडे होत जाताना पाहणं एवढंच डॉक्टरांच्या हाती उरे.

आता ज्या निरोपाभोवती ही सगळी गोष्ट फिरते, त्याच्याकडे वळू. त्याचा जन्म सांध्यात झालाच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला न्यूयॉर्कचे सर्जन विल्यम कोली कर्करोगाच्या रुग्णांना जंतूंची विषं टोचत आणि कधीमधी गाठी खरोखर विरघळत. असं का होतं ते ऐंशी वर्षं कळलं नाही. १९७५ साली न्यूयॉर्कच्याच स्लोन केटरिंग संस्थेत लॉइड ओल्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की जंतूंचं विष थेट गाठीवर काम करत नाही. त्या विषामुळे उंदराच्या रक्तात एक पदार्थ तयार होतो आणि तो गाठ मारतो. त्याचं नाव ठेवलं 'ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर', थोडक्यात टीएनएफ.

त्याच शहरात, रॉकफेलर विद्यापीठात, अँथनी सेरामी वेगळ्याच कोड्याच्या मागे होते. परजीवींची लागण झालेले ससे वाळत का जातात? अंगात परजीवी अगदी थोडे असतानाही जनावर हाडाचा सापळा होई. म्हणजे वाळवणारा कोणीतरी सशाच्याच अंगातला होता. त्याला त्यांनी 'कॅकेक्टिन' म्हटलं. १९८५ साली ब्रूस ब्युटलर यांनी कॅकेक्टिन शुद्ध करून त्याची रचना पाहिली, तर ते आणि टीएनएफ एकच निघाले. कर्करोगाचा शत्रू म्हणून ज्याचे गोडवे गायले जात होते, तोच माणसाला झिजवणारा आणि रक्तात जंतू पसरले असता जीव घेणाराही निघाला. कर्करोगावरचं औषध म्हणून टीएनएफ टोचून पाहणाऱ्यांना हे त्रासदायक पद्धतीनं कळलंच: रुग्णांना थंडी वाजून ताप भरे आणि रक्तदाब कोसळे.

आता पुन्हा लंडन.

रविंदर मैनी यांचा जन्म १९३७ सालचा, लुधियानाचा. वडील युगांडातल्या सार्वजनिक जीवनातले मोठे गृहस्थ. मुलगा केंब्रिजला वैद्यक शिकला आणि सांध्यांच्या आजारांचा डॉक्टर झाला. सगळं वैद्यकीय जग त्यांना 'टायनी' या लाडक्या नावानं ओळखतं. हॅमरस्मिथमधल्या केनेडी इन्स्टिट्यूटमध्ये ते काम करत. सांध्यांच्या संशोधनासाठीच उभी राहिलेली ही जगातली पहिली संस्था. मार्क फेल्डमन यांचा जन्म १९४४ सालचा, ल्वुव शहरातल्या ज्यू कुटुंबातला. युद्ध संपल्यावर फ्रान्स, तिथून ऑस्ट्रेलिया. मेलबर्नमध्ये डॉक्टरी आणि रोगप्रतिकारशास्त्राची पीएच.डी. करून ते लंडनला आले. एकाला रुग्ण माहीत, दुसऱ्याला पेशी. १९८०च्या दशकाच्या मध्यावर दोघे एकत्र आले.

फेल्डमन यांनी १९८३ साली सहकाऱ्यांबरोबर 'लॅन्सेट'मध्ये एक कल्पना मांडली होती, तीही थायरॉइडच्या आजारावरून. शरीर स्वतःवरच उलटतं, त्या जागी पेशींचे निरोप अतिरेकानं वाढलेले असणार आणि तेच आग धुमसत ठेवत असणार, असा तिचा गाभा. ही कल्पना तपासायला थायरॉइडपेक्षा सांधा सोयीचा होता, कारण सांध्यातलं अस्तर मिळत होतं. आजार ऐन भरात असताना त्याचा तुकडा हाती लागणं ही संशोधकाला मिळालेली मोठी देणगी असते. मेंदूच्या किंवा स्वादुपिंडाच्या आजारांत ती सहज मिळत नाही.

त्या काळी बहुतेकांचं लक्ष रोगप्रतिकारक पेशींतल्या टी-पेशींवर होतं. पीटर स्टॅस्टनी यांनी १९७८ साली आमवाताचा संबंध एका विशिष्ट जनुकप्रकाराशी जोडला होता आणि तो जनुकप्रकार टी-पेशींच्या रिसेप्टरला वस्तू दाखवण्याच्या कामातला. म्हणजे गुन्हेगार टी-पेशी, तिला पकडा, असा सरळ हिशोब. पुढे टी-पेशींच्या सीडी-४ रिसेप्टरवर नेम धरणाऱ्या अँटिबॉडी रुग्णांना देऊन झाल्या. टी-पेशी कमी झाल्या, सांधे होते तसेच राहिले. हे अपयश आज फारसं कोणी आठवत नाही. मला ते महत्त्वाचं वाटतं. आग लावणारा आणि आग चालू ठेवणारा एकच असतो, हे गृहीत धरलं की अशी फसगत होते.

चेरिंग क्रॉसच्या, म्हणजे मैनी-फेल्डमन यांच्या गटानं दुसरा प्रश्न विचारला. ताटलीतल्या डझनभर निरोपांपैकी मुकादम कोण?

यावर तज्ज्ञांचं मत ठरलेलं होतं: कोणीच नाही. टीएनएफ जे करतो तेच इंटरल्यूकिन-१ करतं, थोडंफार इंटरल्यूकिन-६ही करतं. एकाचं तोंड बंद केलं तर दुसरा बोलेल. म्हणून डझनभर निरोप सापडणं ही निराशेची बाब होती. तेवढी तोंडं एकदम कोण बंद करणार? तर्क बिनतोड होता. फक्त कोणी तपासून पाहिला नव्हता.

त्याच गटातल्या फिओन्युला ब्रेनन यांनी तपासला. आमवाताच्या रुग्णांच्या अस्तराच्या पेशी घेऊन त्यांत त्यांनी टीएनएफला पकडून ठेवणारी अँटिबॉडी घातली आणि मोजलं मात्र इंटरल्यूकिन-१. तर्काप्रमाणे त्याला धक्का लागायला नको होता. ते कोसळलं. झिजेच्या सांधेदुखीतल्या पेशींवर तोच प्रयोग केला तर असं काही झालं नाही. १९८९ साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढच्या प्रयोगांत दिसलं, की टीएनएफ धरून ठेवला तर इतर निरोपही एकामागून एक मंदावतात. म्हणजे हा बाजारातला गलका नव्हता, इथे उतरंड होती आणि खालचं मडकं टीएनएफचं होतं.

या प्रयोगाची भव्य अशी यंत्रसामग्री नव्हती. ताटल्या, कचऱ्यातून आलेलं अस्तर आणि एक नेमका प्रश्न. ब्रेनन २०१२ साली वारल्या. पारितोषिकांच्या यादीत त्यांचं नाव शोधावं लागतं.

ब्रेनन यांच्या प्रयोगानंतर दोन वर्षांनी, १९९१ साली, अथेन्समधून जॉर्ज कोलियास यांच्या गटाची बातमी आली. त्यांनी माणसाचं टीएनएफचं जनुक उंदरांत असं बसवलं होतं, की तो निरोप सतत वाहत राहावा. उंदरांना दुसरं काही केलं नव्हतं, तरी त्यांचे सांधे सुजले, हाडं कुरतडली गेली. आणि टीएनएफविरोधी अँटिबॉडी दिल्यावर आजार झालाच नाही. ताटलीतली गोष्ट आता जिवंत प्राण्यात दिसली.

उरला माणूस. माणसाला देण्याजोगी अँटिबॉडी आणायची कुठून?

न्यूयॉर्क विद्यापीठात यान विल्चेक आणि जुनमिंग ल यांनी उंदराच्या पेशींकडून एक टीएनएफविरोधी अँटिबॉडी बनवून घेतली होती. विल्चेक ब्रातिस्लावाचे. लहानपणी नाझींच्या हातून वाचलेले, १९६४ साली पत्नीबरोबर कम्युनिस्ट चेकोस्लोव्हाकियातून निसटलेले. (या कथेतली बरीच माणसं आपला देश सोडून आलेली आहेत. त्यावरून सिद्धान्त मांडायचा मोह मी आवरतो.) पेनसिल्व्हेनियातल्या सेंटोकॉर कंपनीनं ती उंदरी अँटिबॉडी घेऊन तिचा बराचसा भाग मानवी केला, फक्त निरोप पकडणारी बोटं उंदराची ठेवली. तिचं नाव सीए-२. ती बनवली होती सेप्सिससाठी, सांध्यांचा विचारही त्यात नव्हता. जंतू रक्तात पसरून होणारं ते मरण टाळणारं औषध म्हणजे सोन्याची खाण, असं तेव्हा सगळ्या कंपन्यांना वाटत होतं. सेंटोकॉरचं सेप्सिसवरचं दुसरं एक औषध, सेंटॉक्सिन, १९९२ साली अमेरिकी नियामकांनी अडवलं आणि कंपनीचे शेअर गडगडले. योगायोग असा, की कंपनीतले वरिष्ठ शास्त्रज्ञ जिम वुडी हे कधीकाळी लंडनला फेल्डमन यांच्या हाताखाली शिकलेले. गुरुजींनी अँटिबॉडी मागितली, शिष्यानं पाठवली.

१९९२च्या वसंतात चेरिंग क्रॉसमध्ये पहिल्या रुग्णांना सीए-२ शिरेतून दिलं गेलं. एकूण २० जण. सगळे असे, की ज्यांच्यावर हाताशी असलेली औषधं हरली होती. डॉक्टर सांध्यांची सूज उतरायची वाट पाहत होते, पण त्याआधीच रुग्ण वेगळंच काही सांगू लागले: थकवा गेला. सांधेदुखीच्या आड वर्षानुवर्षं बसलेला तो शिणवटा टीएनएफचाच होता, सशांना वाळवणाऱ्या कॅकेक्टिनचा. सहा आठवड्यांनी मोजमाप झालं, तेव्हा सुजलेल्या सांध्यांचा मध्यक १८ वरून ५ वर आला होता आणि रक्तातलं दाह दाखवणारं सीआरपी लिटरला ३९.५ मिलिग्रॅमवरून ८ वर. सीआरपी यकृतात बनतं आणि तिथे त्याचा हुकूम देतं इंटरल्यूकिन-६. पकडला होता टीएनएफ, गप्प झालं इंटरल्यूकिन-६. ब्रेनन यांच्या ताटलीतली उतरंड आता माणसाच्या रक्तात वाचता येत होती.

पण या चाचणीत तुलनेला कोणी नव्हतं आणि नव्या औषधाच्या नुसत्या आशेनंही आमवाताच्या रुग्णाला बरं वाटतं. म्हणून लंडन, लायडेन, व्हिएन्ना आणि एर्लांगेन या चार ठिकाणी ७३ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली. कोणाला औषध, कोणाला नुसतं पाणी, हे ना रुग्णाला ठाऊक ना डॉक्टरला. चार आठवड्यांनी चिठ्ठ्या उघडल्या. नुसतं पाणी मिळालेल्या २४ पैकी दोघांना गुण आला होता, कमी मात्रेच्या २५ पैकी ११ जणांना, जास्त मात्रेच्या २४ पैकी १९ जणांना. १९९४ साली हे छापून आलं आणि टी-पेशी की सायटोकाइन हा वाद, निदान उपचारापुरता, मिटला.

गुण टिकत नसे, ही दुसरी बाजू. काही आठवड्यांनी अँटिबॉडी संपे आणि सांधे पुन्हा सुजत. औषध परत दिलं की परत उतार. आजाराचं मूळ जिथे होतं तिथेच होतं. फक्त त्याचा आवाज बंद झाला होता.

इथवर सगळं निरोपाबद्दल झालं. कानाची गोष्ट याच वर्षांत, पण वेगळ्या गावांत घडत होती, आणि माझ्या मते ती जास्त सुंदर आहे.

ताप आलेल्या रुग्णांच्या लघवीत टीएनएफला निकामी करणारं काहीतरी असतं, असं १९८८च्या सुमाराला जिनेव्हात जाँ-मिशेल दाये यांच्या गटाला दिसलं. इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेत डेव्हिड वॉलक यांचा गटही लघवीतूनच तिथे पोचला. हे 'काहीतरी' शुद्ध करून पाहिलं, तर ते होते टीएनएफचे रिसेप्टर. पूर्ण नव्हे, पेशीबाहेर डोकावणारा तेवढाच भाग. ताप चढला, निरोपांचा गोंगाट वाढला, की पेशी आपले कान कापून रक्तात सोडतात. ते सुटे कान निरोप ऐकतात, पण मागे शेपूट नसल्यामुळे पुढे कोणाला सांगत नाहीत. निरोप तिथेच जिरतो. जे करायला माणसांनी उंदरांच्या अँटिबॉडी घडवल्या, ते शरीर आपल्या परीनं आधीपासून करत होतं. आमवातात हे कान पुरे पडत नव्हते इतकंच.

टीएनएफला दोन प्रकारचे कान आहेत हे १९९०पर्यंत स्पष्ट झालं. लहान तो पी-५५, जवळजवळ प्रत्येक पेशीवर असतो. मोठा पी-७५, मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींवर. टीएनएफ हा तीन सारख्या तुकड्यांचा जुडगा असतो, त्यामुळे तो एकदम तीन कान ओढून एकत्र आणतो आणि मग आतली शेपटं बोलू लागतात. सिएटलच्या इम्युनेक्स कंपनीत पी-७५चं जनुक वेगळं केलं गेलं. नुसता सुटा कान रक्तात फार टिकत नाही, मूत्रपिंडातून वाहून जातो. म्हणून दोन कान अँटिबॉडीच्या बुंध्यावर कलम केले. आंब्याचं कलम करतात त्या चालीनं, फक्त इथे खोड अँटिबॉडीचं आणि फांद्या रिसेप्टरच्या. त्यामुळे ते दिवसच्या दिवस टिकू लागले आणि दोन हातांनी पकड घेऊ लागले.

हे कलमही आधी सेप्सिसमध्येच आजमावलं गेलं आणि तिथे ते भयानक हरलं. १४१ रुग्णांच्या चाचणीत नुसतं पाणी मिळालेल्यांत ३० टक्के दगावले. सर्वांत मोठी मात्रा मिळालेल्यांत ५३ टक्के. १९९६ साली हे प्रसिद्ध झालं. जंतू अंगात थैमान घालत असताना पहारेकऱ्यांचा निरोप तोडणं म्हणजे काय, ते त्या आकड्यांत दिसतं. तेच औषध सांध्यांत मात्र चाललं. नोव्हेंबर १९९८ मध्ये 'इटानरसेप्ट' या नावानं त्याला अमेरिकेत आमवातासाठी परवानगी मिळाली. सेंटोकॉरचं सीए-२, म्हणजे 'इन्फ्लिक्सिमॅब', आतड्याच्या क्रोन आजारासाठी त्याच वर्षी आधी बाजारात आलं होतं. आमवातासाठी त्याला १९९९ उजाडलं, तेही मेथोट्रेक्सेटच्या जोडीनं. २००३ साली मैनी आणि फेल्डमन यांना लास्कर पारितोषिक मिळालं.

या उत्सवात क्षयाचा जुना धागा परत वर आला. क्षयाचे जंतू शरीर दरवेळी मारून टाकत नाही. अनेकदा पेशी त्यांच्याभोवती कडं करून गाठ बांधतात आणि जन्मभर पहारा देतात. हा पहारा टीएनएफच्या निरोपावर चालतो. जोॲन फ्लिन आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवलं होतं, की पी-५५ हा कान नसलेले उंदीर क्षयानं लवकर मरतात. कागदावर इशारा होता. २००१ साली इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्या रुग्णांत क्षय उफाळल्याच्या ७० घटना एकत्र प्रसिद्ध झाल्या. निम्म्याहून अधिक जणांत तो फुप्फुसाबाहेर पसरलेला होता. आमवात हा क्षयाचा भाऊबंद, ही फोरेस्तिए यांची समजूत खोटी होती. पण दोघांमध्ये एक भिंत सामाईक होती आणि ती आता पडली होती.

म्हणूनच ही औषधं आपल्याकडे आली ती भीत भीत. निजलेला क्षय अंगात बाळगणारी माणसं भारतात कोट्यवधी आहेत. पुण्या-मुंबईत आज कोणी सांध्यांचा डॉक्टर पहिलं इंजेक्शन देण्याआधी छातीचा एक्स-रे, मान्टू किंवा रक्ताची तपासणी करून घेतो आणि संशय आला तर आधी क्षयाच्या गोळ्या चालू करतो, ते याचमुळे. दुसरी भीती किमतीची. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी १९९६ पासून भिगवणमध्ये घरोघरी जाऊन सांधेदुखीची मोजदाद केली. प्रौढांमध्ये आमवात सुमारे अर्धा टक्का निघाला. अर्धा टक्का लहान वाटतो, देशभराचा हिशोब केला की तो आकडा लाखांत जातो, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या हाती मेथोट्रेक्सेटच आहे. सिप्लानं २०१३ साली चीनमध्ये बनवून घेतलेलं इटानरसेप्ट स्वस्तात आणलं. ल्युपिनच्या पुण्यातल्या जैवतंत्रज्ञान विभागानं घडवलेल्या इटानरसेप्टला २०१९ साली जपानमध्ये मान्यता मिळाली.

जपान म्हटल्यावर ओसाकाच्या तादामित्सु किशिमोतो यांना वगळून चालणार नाही. त्यांच्या गटानं इंटरल्यूकिन-६ आणि १९८८ साली त्याचा रिसेप्टर वेगळा केला. मग निरोपाच्या मागे न धावता त्यांनी कानातच बोळा घातला, रिसेप्टरवर बसणारी अँटिबॉडी बनवून. ते 'टोसिलिझुमॅब'. टीएनएफच्या औषधांना दाद न देणाऱ्या कितीतरी रुग्णांना ते लागू पडतं. म्हणजे उतरंडीच्या तळाशी प्रत्येक वेळी एकच मडकं नसतं. पुढे कानामागच्या शेपटालाच गप्प करणाऱ्या गोळ्याही निघाल्या; त्यांतली टोफॅसिटिनिब २०१२ची.

कोणाच्या सांध्यात कोण मुकादम आहे, हे मात्र औषध देऊन पाहिल्याशिवाय आजही नीट सांगता येत नाही. त्यासाठी पुन्हा अस्तरच पाहावं लागतं, आणि इथे एक अडचण येते. आमवाताच्या रुग्णांचे सांधे उघडायची वेळ आता पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी येते. काही श्रेय लवकर सुरू केलेल्या मेथोट्रेक्सेटचं, काही या नव्या औषधांचं. ब्रेनन यांच्या ताटलीत येणारा कचरा आटला आहे. केनेडी इन्स्टिट्यूटही लंडन सोडून ऑक्सफर्डला गेलं. लंडनच्या दुसऱ्या टोकाला, क्वीन मेरी विद्यापीठात, कोस्तान्तिनो पित्झालिस यांच्या गटानं पाच देशांतल्या १६४ रुग्णांवर २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत औषध ठरवण्याआधी प्रत्येकाच्या सुजलेल्या सांध्याचं अस्तर तपासलं. त्यासाठी सांधा उघडत नाहीत. सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत सुई आत घालतात आणि तांदळाच्या कणीएवढे काही तुकडे घेऊन बाहेर येतात.